डाव्या बाजूची धूळ

अहो, तुमच्या तेरवीला आलेली माणसं परत गेली, शेजाऱ्यांच्या सतरंज्या झटकून देऊन झाल्या, आणि आज सकाळी मी तुमच्या रिसीव्हरवरचं क्रोशाचं कव्हर काढलं. धूळ होतीच. आपल्या भिलाईत चार दिवस फडकं फिरवलं नाही की पोलादाच्या प्लांटकडची लाल धूळ घरात येऊन मालकासारखी बसते. तुम्ही असतात तर मऊ ब्रश काढला असता आणि माझ्या हातातल्या फडक्याकडे असं पाहिलं असतं, जसं काही मी तान्ह्या लेकराला काथ्यानं घासायला निघाले आहे. मी फडक्यानंच पुसलं. जरा जोरातच पुसलं.

राग आहे मला तुमच्यावर. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं सगळ्या बायका मला इतके दिवस सांगत होत्या. पण आपलं एक भांडण अर्धं पडलं आहे, आणि ते तसंच टाकून निघून जायचं काही तुमचं वय नव्हतं. भांडण साधं होतं. रिसीव्हरची डावी बाजू बिघडली होती, की तुमचा डावा कान? तुम्ही म्हणायचात, नॉबमध्ये धूळ गेली. मी म्हणायचे, कानाच्या डॉक्टरकडे चला. नवरा-बायकोनं भांडावं असा हा काय विषय आहे, असं कोणालाही वाटेल. मला तेव्हाही तसं वाटत नव्हतं. तुम्ही क्रेन चालवत होतात, आणि तुमच्या क्रेनखाली माणसं उभी असायची.

रिसीव्हर घरी आला तो दिवस मला लख्ख आठवतो. प्लांटमधले एक रशियन साहेब मुदत संपवून आपल्या देशात परत चालले होते आणि जाताना घरातलं सामान विकत होते. लोकांनी फ्रीज घेतले, जाडजूड कोट घेतले, जे या उन्हात कोणी कधी घातले नाहीत. तुम्ही सायकलरिक्षातून उतरलात ते हा अवजड डबा मांडीवर घेऊन, आणि पायाशी दोन लाकडी खोकी.

"हे काय आनून राहिले? घरी रेडिओ आहे ना," मी दारातच म्हटलं.

"रेडिओ नोको म्हणू याले. स्टिरिओ रिसीव्हर आहे."

"मंग याच्यात रेडिओ लागत नाही काय?"

"लागते."

"मंग रेडिओच झाला."

तुम्ही दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. मग रविवारी सकाळी हात धरून मला खुर्चीत बसवलंत. तेव्हा खोलीची मांडणी तुम्ही पूर्ण बदलून टाकली होती. डावं खोकं सैपाकघराच्या दाराशी, उजवं खिडकीपाशी, दोघांच्या मधल्या भिंतीवर कॅलेंडर आणि समोर तुमची वेताची खुर्ची. बटण दाबलं आणि डायलमध्ये पिवळा उजेड लागला. रायपूरच्या स्टेशनवर बातम्या चालू होत्या.

"आता डोळे मिट. बातम्यांची बाई कुठी बसली सांग."

मी डोळे मिटले. आणि खरं सांगते, मला भीतीच वाटली. आवाज या खोक्यातून येत नव्हता, त्या खोक्यातून येत नव्हता. बाई समोर कॅलेंडरखाली बसून माझ्याशी बोलत होती. मी डोळे उघडले तर भिंत.

"मधोमध आहे ना?" तुम्ही इतके खूश होतात की जणू तिला तुम्हीच बोलावून आणलं होतं.

त्या दिवसापासून ती आपल्या घरातलीच झाली. मी तिला माझी सवत म्हणायचे. तुम्ही पहिल्या पाळीहून आलात की बूट काढायच्या आधी तिला लावायचात. रविवारी कॅसेटी वाजायच्या, आणि तुम्ही मला एकेकाची जागा दाखवायचात. तबलेवाला इकडं, पेटीवाला खिडकीत, गाणारा मधे. मी म्हणायचे, इतक्या लोकांचा चहा करायचा तर साखर वाढवून आणा. चिडवायचे खरी, पण कणीक मळता मळता मीही कान देत होते. माझ्या माहेरी तुमसरला आवाज म्हणजे नुसता आवाज असायचा, त्याला जागा असते हे मला तुम्ही शिकवलंत. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलते.

पहिल्या दसऱ्याला आपण स्कूटर, शिलाई मशीन यांच्याबरोबर रिसीव्हरचीही पूजा केली. त्याच्यावरची अक्षरं रशियन, कोणालाच वाचता येत नव्हती. तुम्ही चाचपून चाचपून एकेका नॉबचं काम शोधून काढलं होतं. मी कुंकवाचं बोट घेऊन विचारलं, यातला मुख्य कोणता? तुम्ही मधला दाखवलात. "हा बॅलन्स. यानं दोन्ही बाजू सारख्या रायतात. पण कुंकू नोको लावू वो, पॅनल खराब होते." मी लावलंच. नॉबवर एक बारीक पांढरी रेघ होती, ती सरळ वर बघत होती, आणि तिच्या डोक्यावर बरोबर माझं कुंकू. तुम्ही कितीही ब्रश फिरवलात तरी ते कुंकू पुसलं नाहीत.

त्या कुंकवामुळेच तर मला दिसलं.

गेल्या उन्हाळ्यात केव्हा तरी पुसताना लक्षात आलं, की रेघ कुंकवाखाली नाही. जराशी डावीकडे कलली आहे. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "डावा स्पीकर कमी वाजून राहिला. धूळ गेली असंन नॉबमंदी." मला पटलं. पटणारच, आपल्याकडे सगळ्याचा दोष धुळीवर जातो. खोकला धुळीनं, कपडे पिवळे पडले ते धुळीनं, शेजारच्या काकूंचा पंखा बंद पडला तो धुळीनं. तुम्ही झाकण उघडलंत, स्पिरिट लावून नॉब साफ केलात, पुन्हा बसवलात, खुर्चीत बसलात. नॉब पहिल्यापेक्षा जरा जास्त डावीकडे फिरवलात आणि म्हणालात, "आता आली मधोमध."

पण मधोमध नव्हती ती. मी तुमच्या खुर्चीमागे उभी होते. बातम्यांची बाई कॅलेंडर सोडून दाराकडे सरकली होती.

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, तुमची बाई माझ्या सैपाकघराकडे यायला लागली, येऊ द्या, पोळ्या लाटायला लावते तिले. तुम्ही हसला नाहीत. पावसाळ्यात ती दाराशी आली. दिवाळीपर्यंत रेघ कुंकवापासून इतकी लांब गेली की मला तिकडं बघवत नव्हतं, आणि बाई सैपाकघरात, माझ्या मागे, गॅसच्या ओट्याशी उभी राहून बातम्या सांगू लागली. तुम्ही खुर्चीत डोळे मिटून समाधानानं बसलेले. पुन्हा काही दिवसांनी कपाळाला आठी. पुन्हा झाकण उघडायचं, पुन्हा ब्रश.

दुसऱ्याही गोष्टी होत होत्या. पूर्वी रात्रपाळी करून आलात की दिवसा तुम्हाला झोप लागायची नाही, पोरांचा गलका, भाजीवाल्याची हाक, सगळ्यावर तुमची चिडचिड. यंदा तुम्ही आपले गाढ झोपू लागलात. मी देवापुढे साखर ठेवली. तुम्ही नेहमी उजव्या कुशीवर झोपता हे दिसत होतं, पण त्यात काय पाहायचं? चालताना तुम्ही नेहमी माझ्या डाव्या बाजूला यायचात, म्हणजे मी तुमच्या उजवीकडे राहीन. मला वाटलं, रस्त्याकडून मला सांभाळून नेता.

आणि मिनीचा तो खेळ. तुमची लेक सैपाकघराच्या दाराआड लपून "बाबा!" अशी हाक मारायची, आणि तुम्ही खिडकीकडे पाहायचात. "अरे बाबा, इधर! फिर बुद्धू बन गए!" ती टाळ्या पिटायची. तुम्ही आणखी एकदा खिडकीकडे पाहायचात, तोंड वेडंवाकडं करून, म्हणजे तिला वाटावं की बाबा मुद्दाम करतात. मीसुद्धा हसले पहिल्यांदा. दुसऱ्यांदा मी तुमचं तोंड पाहिलं, आणि मग मिनीला ओरडून तो खेळ बंद केला. तिला कळलं नाही का ते.

एका सकाळी तुम्ही अंगणात माझ्याकडे पाठ करून उभे होतात. हातातलं घड्याळ काढून उजव्या कानाला लावलंत. मग डाव्या कानाला. बराच वेळ. मग खाली घेऊन त्याला चावी दिलीत. चालू घड्याळाला चावी दिलीत, अहो. मी सैपाकघराच्या खिडकीतून पाहत होते आणि माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. तुम्ही वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी मी स्पष्टच बोलले. "तुमचा डावा कान गेला आहे. लहानपणी वाहत होता, तुमच्या आईच सांगत होत्या, लसणाचं तेल घालत होत्या. दवाखान्यात चला."

"कावून ओरडून राहिली? मले ऐकू येऊन राहिलं ना."

"ओरडते म्हनून ऐकू येऊन राहिलं."

मग तुम्ही हळू आवाजात जे बोललात ते मला पाठ आहे. "थंडीत प्लांटचं मेडिकल आहे माझं. आता दाखवलं तर आताच उतरवतील क्रेनवरून. तिथी वरतं बसलो की मी माणूस असतो वो. खाली मले काही येत नाही." आणि वर पुन्हा, "धूळच आहे. या रविवारी बराबर साफ करतो."

खालून माणूस हातानं खुणा करतो, त्यावर क्रेन चालते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. आणि घाईत तो खुणा विसरून ओरडतो, हेही तुम्हीच सांगितलं होतं. वितळलेल्या लोखंडाची ती बादली तुमच्या हाताखाली, तिच्या खाली कोणाची तरी लेकरंबाळं असलेली माणसं. त्यानंतर पाळी सुटायच्या वेळेआधी दाराशी कोणाची सायकल थांबली की माझं काळीज थांबायचं. मी बाईच्या आवाजाकडेच कान लावून असायचे. ती भिंतीकडे परत यावी म्हणून मी नवस बोलले होते, हे तुम्हाला ऐकून हसू आलं असतं.

आता ती दुपार. तुम्ही रात्रपाळीहून येऊन झोपला होतात. मी खाटेपाशी जमिनीवर बसले. समोरासमोर बोलले की तुम्ही धुळीवर जाता, म्हणून तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच बोलले. तुम्ही जागे होतात, पापणी हलत होती. मी म्हटलं, "क्रेन सोडा. खालचं काम घ्या. शेडमंदी झाडू मारा लागला तरी चालते. लोकं काय म्हनतीन ते मी पाहून घेईन. तुम्ही वरतं बसा का खाली बसा, माह्यासाठी तुम्ही तेच आहे. मले तुम्ही पाहिजे." इतक्या वर्षांत असं मी कधी बोलले नव्हते. आपल्यात तसं बोलायची पद्धत नाही. तुम्ही हललाही नाहीत. मला वाटलं, नाटक करून राहिले. इतकं बोलूनही या माणसाला एक हुंकार देववत नाही. मी उठले आणि त्या संध्याकाळी तुमचा चहा मिनीच्या हाती पाठवला.

तुम्ही उजव्या कुशीवर झोपला होतात. म्हणजे चांगला कान उशीत होता. मी बोलले ते सगळं डाव्या कानात बोलले.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. खुर्सीपारच्या चौकात उभी राहिले तेव्हा कळलं.

मी प्लांटकडून बातमी येईल म्हणून घाबरत होते, आणि ती रस्त्यावरून आली. पहिली पाळी करून तुम्ही स्कूटरवर येत होतात. त्या चौकात डावीकडच्या रस्त्यानं ट्रक आला. प्लांटमध्ये त्या दिवशीही तुमच्या हातून कोणाच्या केसाला धक्का लागला नाही, हे तुमच्या सोबतच्यांनी मला आवर्जून सांगितलं. मी त्यासाठी देवाचे आभार मानले, आणि मग देवाला बोलायचं ते बोलले.

दुर्गला मोहन नगरात राहणारे तुमचे भाऊ, सुधाकर भाऊजी, मला तिथं न्यायला तयार नव्हते. बायका जात नाहीत म्हणाले. मी म्हटलं, नाही नेलं तर पायी जाते. चौकात कोपऱ्यावर पानठेला आहे. पानवाल्यानं आधी मान खाली घातली. मग मीच विचारलं, ट्रकवाल्यानं हॉर्न दिला नाही काय?

"दिया बाई, बहुत देर से दे रहा था। भैया सुने भी। मुंडी घुमा के देखे भी।" त्यानं चुन्याचं बोट फडक्याला पुसलं. "मगर ओ कोती देखे, दूसरी तरफ।"

"कोन्या कडे?"

त्यानं हात उचलून दाखवला. उजवीकडे. तिकडं मोकळा रस्ता होता, त्यावर एक गाय बसली होती.

भाऊजींना यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, घाबरला असंन दादा. मला मिनीच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

काल तेरवीची पंगत उठल्यावर भाऊजी म्हणाले, "वयनी, घर लयच सुनं वाटून राहिलं. बातम्या लावू काय?" मी मान हलवली. तुम्ही गेल्यापासून तो उजेड पहिल्यांदाच लागला. बाई बोलू लागली, आणि बसलेली सगळी माणसं वळून सैपाकघराकडे पाहू लागली. भाऊजी उठले. "अरे, हे तं पूरं डावीकडेच वाजून राहिलं. दादाले समजलं नाही कसं? थांबा, नॉब बीचमंदी करून देतो."

"हात नोका लावू त्याले."

माझा आवाज फारच चढला. भाऊजींचा हात तसाच राहिला. त्यांना वाईट वाटलं असेल, पुढच्या खेपेला मी त्यांना पुरणपोळी करून घालीन. पण त्या नॉबला मी कोणाला कसा हात लावू देऊ? तुमचं डोकं कुठं होतं, तुम्ही कुठं बसून कसं ऐकत होतात, ते आता फक्त त्या रेघेत राहिलं आहे.

तर आज सकाळी धूळ पुसली आणि तुमच्या खुर्चीत बसले. कुंकू फिकट झालं आहे, रेघ त्याच्यापासून पार लांब. रिसीव्हर लावला. बाई तिकडं ओट्याशी. मी वाटीतल्या तेलात कापूस भिजवला, डाव्या कानात घट्ट बसवला, वरून तळहात दाबला आणि डोळे मिटले.

आधी काही झालं नाही. मग ती हलली. ओटा सोडून दारात आली, दारातून आत आली, आणि कॅलेंडरखाली येऊन बसली. मधोमध. तुम्ही पहिल्या दिवशी दाखवली होती तिथंच.

मिटलं आपलं भांडण. रिसीव्हर चांगला आहे. त्यात धूळ नव्हती, कधीच नव्हती. तुम्हाला ती बाई शेवटपर्यंत नीट समोर दिसत होती, हे पाहून मला बरं वाटलं, अहो. जिंकले म्हणून चिडवावं, असं एकदा मनात आलं. मग त्या दुपारचं बोललेलं पुन्हा एकदा म्हणून टाकावं असं वाटलं, या वेळी उजव्या बाजूला तोंड करून. ओठ उघडलेसुद्धा.

तेवढ्यात मिनीनं हाक मारली, "आई!"

ती सैपाकघरात होती. मीच तिला दूध पाहायला तिकडं पाठवलं होतं.

मी खिडकीकडे पाहिलं.